पत्र्यावरचे दगड खाली उतरवा



26 डिसेंबर 2004 रोजी समुद्राच्या तळाशी मोठा भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा आल्या. आपल्या परभणी जिल्ह्याला समुद्र नाही, त्यामुळे लाट इथे येणार नाही. पण भूकंप येतो. 21 मार्च 2024 ला सकाळी 6 वाजून 8 मिनिटांनी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला. आपल्याकडेही जमीन हलली. दहा-अकरा मिनिटांनी दुसरा धक्का बसला. 10 जुलै 2024 ला पुन्हा तसेच झाले.

आजी म्हणते, भूकंप माणसाला मारत नाही, पडणारं घर मारतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीला लोक गाढ झोपेत होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदे अंगावर पडली. त्या भागात सुमारे 8 हजार माणसे गेली.

आता आपल्या गावाकडे पाहा. पत्रे उडू नयेत म्हणून त्यावर दगड ठेवलेले असतात. त्यातला एकेक दगड मला उचलत नाही. त्याच्या खालीच लेकरं झोपतात! हिंगोलीच्या भूकंपानंतर सरकारी अधिकाऱ्यांनीही असे दगड काढायला सांगितले होते.

मोठी माणसे म्हणतात, "दगड काढले तर वावधानात पत्रे उडतील, मग काय करता?" हे खरे आहे. म्हणून पत्रे नट-बोल्टने आवळावेत. ते जमेपर्यंत तारेने घट्ट बांधावेत. खर्च होतो, पण जीव पुन्हा मिळत नाही.

धक्का बसला तर काय करावे? दार जवळ असेल तर मोकळ्या जागेत जावे. नसेल तर खिडकी आणि कपाटापासून लांब बसून डोक्यावर दप्तर धरावे. धक्का थांबला की रांगेने बाहेर यावे, ढकलाढकली करू नये. नंतर पैसे, भांडी आणायला लगेच आत पळू नये, कारण दुसरा धक्का येऊ शकतो. भिंतीला भेग पडली असेल तर त्या घरात झोपू नये.

भूकंप सांगून येत नाही. म्हणून दगड उतरवायचे काम याच रविवारी करावे, असे माझे मत आहे. वर मोठ्यांनी चढावे. शिडी आम्ही धरतो.

— एक विद्यार्थी, इयत्ता चौथी