पहिली शनाया, दुसरी शनाया

मालिकेतील पात्र तेच ठेवून कलाकार बदलण्याला मराठी नाट्यव्यवसायात आणि दूरचित्रवाणीवर सरसकट ‘रिप्लेसमेंट’ म्हणतात, आणि अशी रिप्लेसमेंट जाहीर झाली की प्रेक्षकांचा निकाल नव्या कलाकाराने तोंड उघडण्यापूर्वीच लागलेला असतो: आधीचीच बरी होती. हा निकाल दर वेळी चुकतो असे नव्हे. परंतु तो ज्या तुलनेवर उभा असतो ती तुलना मुळातच विषम असते, कारण पहिला कलाकार आणि त्याच्या जागी आलेला दुसरा कलाकार हे दोघे एकच काम करत नसतात.

मराठी प्रेक्षकाला एका भूमिकेत अनेक नट पाहण्याची सवय नाही, असा बचाव येथे करता येत नाही. ‘नटसम्राट’ १९७० च्या डिसेंबरमध्ये रंगभूमीवर आले तेव्हा डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर होते. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी तीच भूमिका केली आणि कोणाचा बेलवलकर अधिक खरा यावर नाट्यवेड्यांच्या दोन पिढ्यांनी मनसोक्त वाद घातले. १९६२ साली प्रभाकर पणशीकरांनी उभा केलेला लखोबा लोखंडे नंतरच्या काळात डॉ. गिरीश ओक यांनीही केला, तर ‘ऑल द बेस्ट’चे इतके संच झाले की मूळ संच कोणता हे सांगताना जाणकारही क्षणभर थांबतात. या वादांत चीड नसते. उलट दोन नटांना एका भूमिकेत पाहिल्याचा एक प्रकारचा अभिमान असतो. नाटकाच्या बाबतीत जो आनंदाचा विषय ठरतो तोच मालिकेच्या बाबतीत तक्रारीचा का होतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ सवयीचा उरत नाही.

त्याचे उत्तर संहितेत, म्हणजे लिहून पूर्ण झालेल्या नाट्यपाठात, सापडते. बेलवलकर कोणत्याही नटाच्या आधी अस्तित्वात असतो. त्याची पहिली आणि शेवटची ओळ कुसुमाग्रजांनी लिहून ठेवलेली असते आणि प्रत्येक नट त्या ठरलेल्या मजकुराशी आपापल्या ताकदीने भिडतो. दैनंदिन मालिकेत असा मजकूर नसतोच. कथेचा ढोबळ आराखडा असतो, त्यावरून पटकथा आणि पटकथेवरून संवाद लिहिले जातात, आणि ते बहुतेकदा चित्रीकरणाच्या जेमतेम काही दिवस आधी. प्रसारणापूर्वी तयार असलेल्या भागांच्या साठ्याला व्यवसायात ‘बँक’ म्हणतात आणि ती बँक अनेक मालिकांच्या बाबतीत कायम रिकामी होत आलेली असते. अशा घाईत लेखक पात्राकडे कमी आणि समोरच्या कलाकाराकडे अधिक पाहून लिहितो. कोणत्या वाक्यावर ही अभिनेत्री हमखास हशा घेते, रडताना तिचा आवाज कुठे चिरकतो, मौन तिला पेलते की नाही, हे पहिल्या दोन-तीन महिन्यांत लेखकाच्या ध्यानात येते आणि पुढचे पात्र त्यावरच वाढते. थोडक्यात, रंगभूमीवर भूमिका आधी आणि नट नंतर असतो, तर मालिकेत नट आधी असतो आणि भूमिका त्याच्या अंगाने नंतर घडते. दुसऱ्या कलाकाराच्या हाती येते ती भूमिका नसते. दुसऱ्याच्या मापाने शिवून वापरलेला अंगरखा असतो.

झी मराठीवर २०१६ साली सुरू झालेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेतील शनाया हे याचे सर्वांत बोलके मराठी उदाहरण आहे. गुरुनाथ सुभेदारला ‘गॅरी’ म्हणून हाक मारणारी, कामाचा कंटाळा असलेली, खरेदीवर जीव टाकणारी ही नायकाची प्रेयसी कागदावर निव्वळ खलनायिका होती; परंतु रसिका सुनील यांनी तिच्यात एक हट्टी, लाडावलेले मूल घातले आणि नागपूरकडच्या खमक्या राधिकेसमोर (अनिता दाते) ही शनाया दुष्टापेक्षा बालिश अधिक वाटू लागली. तिच्या कारस्थानांचा राग येण्याऐवजी हसू येई, आणि लेखकांनी ते हेरून तिला आणखी वेंधळी, आणखी ऐतखाऊ केले. २०१८ मध्ये रसिका सुनील परदेशी शिक्षणासाठी गेल्या आणि शनाया ईशा केसकर यांच्याकडे आली. ‘जय मल्हार’मध्ये खंडोबाची बानू म्हणून त्यांना महाराष्ट्राने मनापासून स्वीकारले होते, त्यामुळे त्यांच्यावर एकाच वेळी दोन आठवणींचा भार पडला: एक दुसरीच्या शनायाची आणि एक स्वतःच्याच बानूची. ईशा केसकर यांचा पिंड बालिशपणाचा नाही. त्यांच्या नजरेत आणि शब्दफेकीत धार आहे, म्हणून त्यांची शनाया खरोखर काहीतरी कट रचू शकेल अशी वाटे. ही शक्यता मालिकेला एक वेगळाच रंग देऊ शकली असती. प्रत्यक्षात त्यांच्या तोंडी बराच काळ तेच लाडिक संवाद राहिले, जे पहिल्या शनायाच्या ओठांसाठी लिहिले गेले होते, आणि प्रेक्षकांनी दोष मात्र अभिनेत्रीला दिला. २०२० मध्ये रसिका सुनील परतल्या तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्या परतण्याने पहिली शनाया सरस होती एवढेच ठरले, दुसरी कमी पडली असे मात्र ठरत नाही.

याच्या उलट ‘आई कुठे काय करते’मधील संजना. स्टार प्रवाहवर ही मालिका २०१९ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली तेव्हा अनिरुद्धची प्रेयसी दीपाली पानसरे करत होत्या, आणि २०२० च्या टाळेबंदीनंतर चित्रीकरण पुन्हा सुरू झाले तेव्हा ती भूमिका रूपाली भोसले यांच्याकडे आली. आज संजना म्हटले की बहुसंख्य प्रेक्षकांना रूपाली भोसलेच आठवतात. पहिली संजना फारच थोडे महिने पडद्यावर होती हे त्याचे एक कारण. परंतु दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ही मालिका ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवर बेतलेली होती, म्हणजे तिच्यामागे नाटकासारखा नसला तरी एक आधीचा पाठ होता, आणि संजनाचा खरा प्रवास, म्हणजे प्रेयसीपासून अनिरुद्धच्या, म्हणजे देशमुखांच्या, घरातल्या नकोशा सुनेपर्यंतचा, कलाकार बदलल्यानंतर लिहिला गेला. दुसरीला उसन्या कपड्यांत फार दिवस काढावे लागले नाहीत.

तिसरा प्रकार या दोहोंपेक्षा वाईट आहे, कारण त्यात कलाकाराबरोबर पात्रही बदलते आणि प्रेक्षकाला सांगितले जाते की पात्र तेच आहे. मालिकेची कथा एकदम काही वर्षे पुढे नेण्याला ‘लीप’ म्हणतात, आणि ही लीप कलाकार बदलण्याची सर्वांत सोयीची खिडकी असते. ‘अग्गंबाई सासूबाई’ २०२१ च्या मार्चमध्ये संपली आणि लगोलग ‘अग्गंबाई सूनबाई’ या नावाने पुढे सरकली, तेव्हा निवेदिता सराफ आणि डॉ. गिरीश ओक कायम राहिले, पण तेजश्री प्रधान यांच्या जागी उमा पेंढारकर शुभ्रा झाल्या आणि आशुतोष पत्की यांच्या जागी अद्वैत दादरकर सोहम झाले. पहिल्या मालिकेतील शुभ्रा विधवा सासूचे लग्न लावून देण्यासाठी घराशी आणि समाजाशी भांडणारी मुलगी होती. दुसऱ्या मालिकेत तीच शुभ्रा भिडस्त, दबलेली, नवऱ्याच्या सावलीत वावरणारी निघाली. उमा पेंढारकर यांना जी टीका सोसावी लागली तिच्यातील बराचसा वाटा लेखकांचा होता, कारण जगातील कोणतीही अभिनेत्री आधीच्या कलाकाराशी आणि आधीच्या पात्राशी एकाच वेळी स्पर्धा करू शकत नाही. अद्वैत दादरकर यांची गंमत आणखी वेगळी: ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये राधिकेच्या पाठीशी उभा राहणारा सज्जन सौमित्र साकारून आलेला हा नट येथे बायकोला फसवणारा सोहम झाला, आणि प्रेक्षकाला सोहमवर चिडण्याआधी सौमित्रला विसरावे लागले.

हा प्रश्न केवळ मराठी किंवा भारतीय नाही. अमेरिकेतील ‘बिविच्ड’ या विनोदी मालिकेत जादूगार पत्नीचा साधाभोळा नवरा डॅरिन डिक यॉर्क यांनी पाच वर्षे केला, आणि १९५९ च्या एका चित्रपटाच्या चित्रीकरणात झालेल्या पाठीच्या दुखापतीने त्यांना उभे राहणेही अशक्य केल्यावर १९६९ मध्ये डिक सार्जंट त्या जागी आले. (दोघेही डिक हा योगायोग.) मालिकेत या बदलाचा अवाक्षरानेही उल्लेख झाला नाही, ज्या घरात भांडी हवेत उडतात त्या घरात नवऱ्याचा चेहरा बदलल्याचे जादूचे एखादे निमित्त सहज सुचले असते, पण लेखकांनी तेही दिले नाही आणि सार्जंट अखेरपर्यंत ‘दुसरा डॅरिन’च राहिले. त्याच्या तीन वर्षे आधी, १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये, ब्रिटनच्या बीबीसीने ‘डॉक्टर हू’मध्ये नेमके उलटे केले होते. प्रकृती ढासळलेल्या विल्यम हार्टनेल यांचा डॉक्टर प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत जमिनीवर कोसळला आणि उठला तो पॅट्रिक ट्राउटन यांच्या चेहऱ्याने. डॉक्टर परग्रहवासी असल्यामुळे त्याचे शरीर असे नवे होऊ शकते, अशी सोय कथेतच करण्यात आली. परंतु खरी हुशारी त्या जादूत नव्हती. हार्टनेल यांचा डॉक्टर चिडखोर आजोबा होता, तर ट्राउटन यांना लेखकांनी ढगळ कपड्यांतला, रेकॉर्डर हे बासरीसारखे वाद्य वाजवत फिरणारा, वेड पांघरून पेडगावला जाणारा विदूषक दिला. नक्कल करण्याची मागणीच नसल्यामुळे तुलनेचा काटाच बोथट झाला.

मूळ कोण, हेही नेहमी सरळ नसते. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’तील डॉक्टर हाथी म्हणून कवी कुमार आझाद यांना देशाने ओळखले आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर आलेल्या निर्मल सोनी यांना ‘नवे हाथी’ म्हटले. वस्तुतः मालिकेच्या आरंभी हाथी निर्मल सोनी हेच होते. ‘भाभीजी घर पर हैं’मधील अंगूरी शिल्पा शिंदे यांनी २०१५ मध्ये घडवली. तिच्या चुकीच्या इंग्रजी शब्दाला कोणी सुधारले की ती निरागसपणे ‘सही पकड़े हैं’ म्हणे, आणि जणू चूक सुधारणाऱ्यानेच एखादी परीक्षा उत्तीर्ण केली आहे असा भाव तिच्या चेहऱ्यावर असे. २०१६ पासून ती ओळ शुभांगी अत्रे यांच्याकडे आली आणि पहिल्या भागांत ती चक्क उसनी वाटे. परंतु त्या जवळपास दशकभर ही भूमिका करत राहिल्या, म्हणजे पहिलीच्या कितीतरी पट अधिक काळ, आणि ज्या मुलांनी मालिका २०१६ नंतर पाहायला घेतली त्यांच्या लेखी मूळ अंगूरी त्याच. त्याआधी ‘चिडियाघर’मध्ये कोयलच्या भूमिकेत शुभांगी अत्रे यांच्याच जागी शिल्पा शिंदे आल्या होत्या, तेव्हा मूळ आणि बदली ही विशेषणे माणसांना चिकटवण्याची नाहीत, हेच येथे दिसते. आणि तरीही पहिलेपणाचा हक्क बाजारात टिकतो: ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’मधील मिहीर अमर उपाध्याय यांच्यानंतर इंदर कुमार यांनी थोडा काळ आणि रोनित रॉय यांनी अनेक वर्षे केला, परंतु २०२५ मध्ये ती मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हा तुलसीशेजारी उभे राहिले ते अमर उपाध्यायच.

या सगळ्या भीतीपोटी बदल टाळणे हा मार्गही निर्मात्यांनी आजमावला आहे, आणि तो सर्वांत निकृष्ट ठरला आहे. ‘तारक मेहता का उल्टा चश्मा’तील दिशा वाकानी २०१७ मध्ये प्रसूतीच्या रजेवर गेल्या आणि जेठालालची बायको दया पडद्यावरून नाहीशी झाली. तो घडवलेला, खेचून काढलेला आवाज, उठसूट गरबा, ‘हे माँ माताजी’ हे पालुपद आणि दयाचा भाऊ सुंदर म्हणून त्यांचाच सख्खा भाऊ मयूर वाकानी, हे सगळे एका व्यक्तीशी इतके जखडलेले होते की दुसरी दया शोधण्याचे धाडस कोणाला झाले नाही. ते समजण्यासारखे आहे. समजण्यासारखे नाही ते हे की तिच्या परतण्याची हूल प्रेक्षकांना पुन्हा पुन्हा देण्यात आली, जेठालालला वाट पाहायला लावण्यात आले आणि दर वेळी दार उघडले तेव्हा दारात दया नव्हती. वाईट रिप्लेसमेंट काही आठवड्यांत अंगवळणी पडते. अशी फसवी प्रतीक्षा प्रेक्षकाला मालिकेपासूनच तोडते. निर्मात्यांनी दयाची भूमिका उघडपणे दुसऱ्या अभिनेत्रीला द्यावी, तिचे नाव पहिल्याच भागाच्या आरंभी पडद्यावर स्पष्ट लिहावे, आणि तिला तो आवाज काढायला लावू नये.