फुरसुंगीच्या पुढचा मुलूख

आपल्या मंडळाच्या मराठी शाळेतील ग्रंथालयासाठी यंदा मंजूर झालेली रक्कम जुने, नावाजलेले बालपुस्तकांचे संच मागविण्यात खर्च करावी, असा विचार कार्यकारिणीत मांडला गेला आहे. त्यामागील ममत्वाविषयी मला आदर आहे, तथापि माझे मत निराळे आहे. जुने संच अवश्य आणावेत; परंतु त्यांच्या जोडीला नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी विनोदी साहसकादंबऱ्यांची एक नवी मालिका मंडळाने लिहवून घ्यावी, आणि तिची भूमी पुणे शहर वा मुंबई नसून पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन तालुके असावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

या सूचनेस आधार आहे तो भा. रा. भागवतांचा. १९१० साली इंदुरास जन्मलेल्या, म्हणजे आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीबाहेरून आलेल्या या लेखकाने बनेश ऊर्फ फास्टर फेणे नावाचा एक लुकडा, चपळ, सायकलवर जीव टाकणारा मुलगा निर्माण केला आणि त्यास गाव दिले ते फुरसुंगी. फुरसुंगी हे त्या काळी कोणा इतिहासकाराने गौरविलेले स्थळ नव्हते. परंतु ते नकाशावर होते, हडपसरच्या पलीकडे होते, आणि म्हणूनच वाचणाऱ्या पोरास असा भरवसा वाटे की एखाद्या रविवारी त्या बाजूस गेलो तर हा फास्टर फेणे खरोखरच समोरून सायकल पिटाळीत येईल. पुढे वीस पुस्तकांत तो प्रतापगडावर गेला, काश्मिरात गेला, चक्रीवादळात सापडला, तरी त्याचे फुरसुंगीकरपण सुटले नाही. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला होता. साहसाची यंत्रणा कशी जुळवावी, हे त्यांना पक्के ठाऊक होते. तथापि त्यांचे खरे वैशिष्ट्य मला असे वाटते की त्यांनी विनोद भीतीच्या ठिकाणीच पेरला. अंधारात पाऊल वाजते, मुलगा गोठतो, आणि त्याच क्षणी तो असे काही करून जातो की वाचकास हसू फुटते. त्या हसण्याने वाचणारे मूल पुढचे पान उलटण्याइतके धीट होते.

२०१७ साली फेणे चित्रपटात आला, तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेस बसलेला तरुण होऊन. चित्रपटाबद्दल माझी तक्रार नाही. पण दहा वर्षांच्या वाचकाच्या वयाचा सोबती त्यामुळे मोठा होऊन निघून गेला, आणि त्याची जागा घेणारा, आजच्या काळात वावरणारा मुलगा आपण या पिढीस द्यावयास हवा.

शिरूर-दौंडच का, याचे उत्तर त्या मुलुखात जागोजाग विखुरलेले आहे. दौंड जंक्शनाचेच पाहा. मनमाडकडून पुण्यास निघालेल्या गाडीचे इंजिन वर्षानुवर्षे तेथे एका टोकाकडून सोडवून दुसऱ्या टोकास जोडावे लागे, आणि गाडी आली त्याच दिशेस परत चालली आहे, या भासाने नवखा प्रवासी घाबरा होई. त्या खोळंब्यात एखादी पेटी बदलली गेली, तर कादंबरीचे पहिले प्रकरण सिद्ध झाले. शिरूर तालुक्यातील टाकळी हाजी आणि पलीकडच्या तीरावरील निघोज यांच्यामध्ये कुकडीने काळ्या बेसाल्टात रांजणखळगे कोरले आहेत. भोवऱ्यात सापडलेले धोंडे शतकानुशतके गरगरत राहिले आणि त्यांनी खडकात माणूस मावेल असे रांजण घडविले. लपण्याच्या जागा कल्पनेने रचण्याची तेथे गरजच नाही. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. तेथे मुले हातांनी वस्तू घडवीत शिकतात. आपल्या नायकास असे शिक्षण मिळालेले असावे, म्हणजे संकटातून सुटताना दैवी योगायोगावर त्याची भिस्त राहणार नाही.

आणि ऊस. भीमा व घोड यांच्या पाण्यावर वाढलेल्या या उसात आता बिबट्या नांदतो, मादी तेथेच विते, आणि तोडणी चालू असता सरीत बछडे सापडतात. वनखात्याची माणसे येतात, पिल्ले तपासतात, आणि तिन्हीसांजेस त्याच शेतात ती क्रेटमध्ये ठेवून दूर सरतात. रात्री मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. यापेक्षा उत्कंठेचा प्रसंग कोणता लेखक रचणार? मात्र याच बिबट्याने तेथील घरांतील लेकरेही नेली आहेत. तेव्हा लेखकाने हसू कोठे थांबवावयाचे, याचे भान ठेवलेच पाहिजे, आणि बिबट्यास गोजिरवाणे खेळणे करता कामा नये.

नायकाची सोबतीण ऊसतोड मजुराची मुलगी असावी, असे मला तीव्रतेने वाटते. दिवाळी सरता सरता ती बीडकडून येईल, आईबापांसह कोपीत राहील, आणि हंगाम आटोपला की निघून जाईल. महाराष्ट्रापासून दूर वाढणारी आपली मुले आजोळी सुटीपुरती जातात आणि तेथे जमलेले मैत्र विमानतळावर तुटते. त्यांना ही मुलगी जितकी कळेल, तितकी शहरातील मुलांना कळणार नाही. मालिका म्हणूनच हवी: दर पुस्तकात तिचे येणे, आणि वाचकाने त्याची वाट पाहणे.

आपली मुले मराठी अडखळत वाचतात, ही हरकत घेतली जाते. परंतु पहिल्या पुस्तकात परिश्रमाने ओळखीचे झालेले सरी, कोपी, पाचट, फलाट हे शब्द दुसऱ्यात आपोआप भेटतात, तिसऱ्यात ते वाचकाचे होतात. सुट्या पुस्तकाने हे साधत नाही. बोधकथांचा आग्रह धरणाऱ्या पालकांना माझी विनंती एवढीच की, ‘तात्पर्य’ हा शब्द पाहताच आपले मूल पुस्तक कसे मिटते, ते त्यांनी एकवार शेजारी बसून पाहावे.

तेव्हा अंदाजपत्रकात तरतूद व्हावी ती अशी: लेखकास यथायोग्य मानधन, आणि एक संपूर्ण गळीत हंगाम त्या दोन तालुक्यांत राहण्याचा खर्च. हस्तलिखित तयार झाल्यावर ते प्रथम पाटस वा टाकळी हाजीकडील एखाद्या शाळेतील आणि आपल्या शाळेतील मुलांस वाचावयास द्यावे. जेथे त्यांनी वाचन सोडले, ती पाने लेखकाने पुन्हा लिहावीत, आणि कार्यकारिणीचा अभिप्राय त्यानंतर घ्यावा.