सोमवारी बंद असलेले शिवमंदिर

मुंबईच्या गेटवेवरून लाँचने निघाले की तासाभरात घारापुरी येते. रविवारच्या लाँचमधील कितीतरी कुटुंबांत सोमवारचा उपवास असतो, श्रावणात शिवलीलामृताचे वाचन होते. तीच मंडळी पायऱ्या चढून वर येतात, पादत्राणांसह सभामंडपात शिरतात, समोरच्या अठरा-वीस फुटी महेशमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढून घेतात आणि परतीच्या लाँचची चौकशी करू लागतात.

मुलाने विचारलेच, तर ‘ब्रह्मा, विष्णू, महेश’ असे उत्तर मिळते. वस्तुतः ही तीनही मुखे एकट्या शिवाचीच आहेत : मध्ये ध्यानमग्न तत्पुरुष, एका बाजूस उग्र अघोर, दुसरीकडे सौम्य वामदेव. लेण्यात उत्तरेकडून प्रवेश होत असल्याने सर्वांची दृष्टी दक्षिण भिंतीवरील या मूर्तीवरच खिळते. उजव्या हाताला, पश्चिमेकडे, चार दारांचे गर्भगृह आहे. प्रत्येक दाराशी दोन याप्रमाणे आठ प्रचंड द्वारपाल आणि आत शिवलिंग. हे सारे ज्याच्यासाठी कोरले, तो देव तेथे आहे. आणि गर्दी त्याच्या बाजूने निघून जाते!

बेटाचे नावही आपण परक्यांकडूनच घेतले. 1534 साली हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला. किनाऱ्यावरील दगडी हत्ती पाहून त्यांनी ‘एलिफंटा’ म्हटले. तो हत्ती इंग्रजांनी 1864 मध्ये विलायतेला नेण्याचा घाट घातला, तेव्हा तो फुटला. पुढे 1914 मध्ये तुकडे जोडून भायखळ्याच्या उद्यानात उभा केला गेला. हत्ती गेला, नाव मात्र राहिले. 1987 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली तीही ‘एलिफंटा’ अशीच. येथील शिलालेख काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविल्याचे दियोगो दु कोतो या पोर्तुगीज इतिहासकारानेच लिहून ठेवले आहे. तो पुढे नाहीसा झाला. म्हणूनच हे शिल्पवैभव सहाव्या शतकातील कलचुरींचे, हे विद्वानांना अनुमानानेच सांगावे लागते.

परंतु पोर्तुगीजांची सत्ता येथून जाऊन तीन शतके उलटली. पाठ फिरवून उभे राहण्याची सक्ती आज कोण करते?

अभिषेक, तेल, कुंकू यांनी दगड झिजतो, हा पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप खरा आहे व तो मानलाच पाहिजे. (तरीही संरक्षण आणि पूजा एकत्र नांदू शकतात, हे 1060 सालच्या अंबरनाथच्या शिवालयाने दाखविले आहे, तेही संरक्षित स्मारकच आहे.) घारापुरीत पूजेचा हट्ट न धरताही पादत्राणे बाहेर ठेवता येतात, गर्भगृहाशी क्षणभर हात जोडता येतात, मुलांना गंगावतरण, शिवपार्वतीविवाह आणि कैलास हलविणारा रावण हे शिल्पपट दाखविता येतात. यास कोणताही कायदा आड येत नाही.

शासकीय व्यवस्थेची एक गोष्ट मात्र खटकते. ही लेणी आठवड्यातून एक दिवस बंद असतात, आणि तो दिवस सोमवार! शंकराच्या वारी शंकराचे दार बंद. वेरूळला, जेथे कैलास लेणे आहे, साप्ताहिक सुट्टी मंगळवारी असते. घारापुरीची सुट्टीही मंगळवारी न्यावी, एवढे पत्र पुरातत्त्व खात्याला पाठविण्यास एका तिकिटाचा खर्च येतो.