पालकत्व कोणाचे?

‘शैक्षणिक पालकत्व’ हा शब्दप्रयोग मराठीत आता चांगलाच रुळला आहे. एखाद्या मुलाच्या शाळेचा आणि वसतिगृहाचा खर्च उचलणाऱ्याला आपण सहज ‘पालक’ म्हणून मोकळे होतो. परंतु पैसे देणे आणि पालक असणे यांत जे अंतर आहे, ते या शब्दाने परस्पर पुसून टाकले आहे. अनाथ व गरजू मुलांच्या ख्रिस्ती शिक्षणासाठी दूरदेशीच्या दात्यांनी केलेल्या मदतीचा विचार करताना या अंतराकडे पाहणे मला अगत्याचे वाटते.

या प्रश्नाचे महाराष्ट्रातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८८७ साली बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे खर्च उचलण्याचे मान्य केले आणि त्या बळावर १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन उघडले. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या. सदनात मात्र धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे ठरले होते. पुढे सदन पुण्यास आले. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

हा वाद आपण आजवर दोनच बाजूंनी वाचत आलो. एका बाजूला विश्वासभंगाचा आरोप, तर दुसऱ्या बाजूला एका स्त्रीच्या श्रद्धास्वातंत्र्याचा कैवार. दोन्हींत तथ्य आहे. मात्र १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो भुकेल्या मुली आणून केडगावी त्यांना आसरा देणाऱ्या रमाबाईच होत्या, हे विसरून चालणार नाही. त्यांचे आईवडील दुष्काळातच अन्नावाचून गेले होते. ज्यांनी घास दिला नाही, त्यांना घासासोबत आलेल्या प्रार्थनेवर बोलण्याचा अधिकार किती, हा प्रश्न म्हणूनच बोचरा ठरतो.

तरीही त्या प्रश्नाने दात्याची सुटका होत नाही. त्या मुलींविषयी आपण रमाबाईंच्या लेखनातून वाचतो, दात्यांसाठी लिहिलेल्या अहवालांतून वाचतो, विरोधकांच्या अग्रलेखांतून वाचतो. मुलींच्या स्वतःच्या तोंडून क्वचितच. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थबकले पाहिजे. पुरस्कृत मुलाचे दात्याला जाणारे पत्र हाही एक लेखनप्रकारच आहे. त्यात कृतज्ञता अनिवार्य असते, प्रगती अपेक्षित असते, आणि तक्रारीला जागा नसते. दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) पासून दलित आत्मकथनांनी वसतिगृहाचे अन्न खाणाऱ्याच्या बाजूने दाखवले. लेखक कोणाला उत्तर देणे लागत नव्हता, म्हणूनच ते शक्य झाले.

दुसरा नमुना आपल्याच मुलखातला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह उभे केले. तेथे मुलाने शिक्षणाची परतफेड श्रमाने करावी, असा दंडक होता. श्रमाचे ऋण फिटते; कृतज्ञतेचे ऋण फिटत नाही, कारण त्याचा हिशेब दात्याच्या मनात असतो. भाऊरावांची योजना मला अधिक स्वाभिमानी वाटते ती याच कारणाने. मात्र तान्ह्या, आजारी, खचलेल्या मुलाकडून श्रम मागता येत नाहीत. तेथे निखळ दानालाच पर्याय नसतो.

जतसारख्या तालुक्यात हा प्रश्न वेगळे रूप घेतो. पाऊस बेभरवशाचा, पूर्वेकडच्या गावांत घरची भाषा कन्नड, आणि ऊसतोडीच्या हंगामात आईबाप फडावर. इथले गरजू मूल अनाथ नसते. वर्षाचे काही महिने ते पोरके होते इतकेच. अनाथ आणि गरजू हे शब्द आपण जोडीने उच्चारतो, पण गरजू मुलाला परतायचे घर असते, आणि वसतिगृहात शिकलेली प्रार्थना घेऊन ते त्या घरी परतते. म्हणून तेथे आईबापांची संमती ही औपचारिकता ठरत नाही, तो त्यांचा हक्क असतो.

राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाने हे ओळखले आहे. शासनमान्य अथवा अनुदानित शिक्षणसंस्थेत अज्ञान मुलाला त्याच्या पालकाच्या संमतीवाचून धार्मिक शिक्षण घेण्यास भाग पाडता येत नाही. पण अनाथाचा पालक कोण? बहुधा तीच संस्था. संमती मागणारा आणि देणारा एकच असेल, तर त्या संमतीला अर्थ उरत नाही. ही फट ख्रिस्ती अनाथालयाला जितकी लागू आहे, तितकीच मठाच्या वा मदरशाच्या वसतिगृहालाही.

उलट बाजूने शासनही निर्दोष नाही. परकीय देणग्यांवरील निर्बंधांमुळे कम्पॅशन इंटरनॅशनलला २०१७ मध्ये भारतातील काम थांबवावे लागले आणि लाखाहून अधिक मुलांचा आधार तुटला. त्या मुलांनाही कोणी विचारले नव्हते. २०१५च्या बालन्याय कायद्यातील प्रायोजकत्वाची कल्पना मला त्यामुळे मोलाची वाटते. कुटुंबाला पूरक मदत देऊन मुलाच्या गरजा भागवाव्यात, असा तिचा आशय आहे. जतच्या मुलाला तीच अधिक उपयोगी.

ख्रिस्ती दात्याने श्रद्धेपोटी दान द्यावे, त्यात गैर काहीच नाही. श्रद्धेवाचून इतक्या दूरच्या मुलासाठी कोण झुरतो? अट एवढीच असावी की मोठे झालेल्या त्या मुलाला दात्याचा देव स्वीकारण्याइतकेच नाकारण्याचेही स्वातंत्र्य असावे, आणि नाकारल्यावरही त्याने खाल्लेला घास त्याचाच राहावा. हे ज्याला मान्य असेल त्याने खुशाल पालक म्हणवून घ्यावे.