बिल मागता, मग तापमानाची नोंद का नाही?

"डॉक्टर, डोस तोच, पथ्य तेच, तरी साखर तीनशे!" नवी इन्सुलिनची बाटली टेबलावर ठेवत एक आजोबा म्हणाले. साखर वाढण्याची कारणे अनेक असतात, ती आम्ही तपासली. पण एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते: कारखान्यापासून इथपर्यंत ही बाटली थंड होती का?

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. उष्णतेने त्याचा जोर हळूहळू कमी होतो. गोठले तर ते फेकूनच द्यायचे. बिघडलेली बाटली दिसायला मात्र अनेकदा चांगलीच असते.

आता सरकारी लसीकरण पाहा. 'ईविन' यंत्रणेत लसीच्या फ्रिजला सेन्सर असतो. तो मोबाइल नेटवर्कवरून तापमान कळवत राहतो. मर्यादा ओलांडली की जबाबदार कर्मचाऱ्याला संदेश जातो. म्हणजे फुकट मिळणाऱ्या लसीच्या तापमानाचा हिशोब आहे आणि तुम्ही पैसे मोजून घेतलेल्या इन्सुलिनचा बहुतेक ठिकाणी नाही! हे आपण मुकाट्याने का चालवून घेतो?

"आमच्याकडे फ्रिज आहे" हे उत्तर पुरेसे नाही. रात्री दुकान बंद असताना वीज गेली, सकाळी आली. तुम्ही जाईपर्यंत बाटली पुन्हा गार! हाताला फक्त आत्ताचा गारवा कळतो, रात्रीचे सेन्सरच सांगेल. वाहतुकीच्या खोक्यात ठेवायची तापमान नोंदवणारी छोटी यंत्रेही मिळतात. अर्थात, इशारा आल्यावर धावणारा माणूस नसेल तर सेन्सर शोभेचाच. म्हणून यंत्राबरोबर जबाबदार माणूसही ठरलेला हवा.

तुम्ही काय कराल?

१. दुकानदाराला विचारा: फ्रिजचे तापमान नोंदवता का? वीज गेल्यावर काय सोय आहे?

२. इन्सुलिन घरी थंड पिशवीतून आणा, पण बाटली बर्फाला थेट टेकवू नका.

३. घरी ते फ्रीझरमध्ये किंवा त्याला चिकटून ठेवू नका.

४. शंका आली म्हणून इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका, डोसही वाढवू नका. बाटली घेऊन डॉक्टरांना भेटा.

एकट्याने विचारलेत तर दुकानदार हसेल. रोज दहा जणांनी विचारले तर तो वितरकाला विचारेल आणि वितरक कंपनीला. औषधाची मुदत आपण तपासून घेतो, मग तापमानाची नोंद मागायला लाज कसली?