मार्चमध्ये मरणारी बाग

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. कोणाशी? तर "सीझनल लावून घ्या साहेब, एकदम कलरफुल दिसेल" ह्या वाक्याशी.

पुण्यातल्या एखाद्या नव्या हाउसिंग सोसायटीत डिसेंबरात चक्कर मारा. गेटपासून क्लबहाउसपर्यंत उन्हातल्या वाफ्यांमध्ये पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स शिस्तीत उभे असतात. जानेवारीत सगळे त्यांच्यासोबत फोटो काढतात. मार्चात ऊन चढलं की तीच झाडं माना टाकतात. एप्रिलमध्ये सगळं उपटून ट्रॉलीत, आणि पुढचे सहा महिने वाफ्यात नुसती लाल माती. मग पुन्हा ऑक्टोबर, पुन्हा कोटेशन. चालू असलेलं सॉफ्टवेअर दरवर्षी डिलीट करून पहिल्या ओळीपासून लिहायचं, असं ऑफिसात कोणी सुचवलं तर त्याला आपण वेड्यात काढू. इथे मात्र त्याला 'गार्डन मेंटेनन्स' म्हणतात!

माझं म्हणणं एवढंच: ही बाग नाहीच. हे भाड्याने आणलेलं डेकोरेशन आहे.

गंमत म्हणजे हंगामी रोपांचे रंगीत गालिचे अंथरायची ही फॅशन ज्या व्हिक्टोरियन इंग्लंडात फोफावली, तिथेच तिच्यावर सडकून टीका झाली. विल्यम रॉबिन्सन नावाच्या आयरिश माळ्याचं 'द वाइल्ड गार्डन' 1870 सालचं. काचघरात वाढवलेली रोपं आणून खोचण्यापेक्षा त्या हवेत आपणहून टिकतील अशी झाडं लावा, असा त्याचा आग्रह. पुढे गर्ट्रूड जेकिलने बारमाही झाडांचे लांबलचक वाफे करून दाखवले. आणि आपण दीडशे वर्षांनीही जुनंच व्हर्जन चालवतोय.

पण थांबा. लगेच इंग्लिश पुस्तकं उघडून डेल्फिनियम आणि पिओनीची यादी काढू नका. पिओनीला कळ्या धरायला हिवाळ्यातली कडक थंडी लागते. पुण्याची थंडी म्हणजे स्वेटर घालावा की नाही असा विचार करेपर्यंत संपणारी. लॅव्हेंडरला आपला दमट पावसाळा झेपत नाही. म्हणजे रॉबिन्सनचं तत्त्व घ्यायचं, यादी नाही.

यादी आपली आपण करायची. त्यात एक गोष्ट लक्षात ठेवायची. वर्षानुवर्षं जगणारं झाड आणि महिनोन्महिने फुलणारं झाड, हे दोन वेगळे गुण आहेत. शेवंती मुळाने टिकते, पण रात्र मोठी झाल्याशिवाय कळ्या धरत नाही, म्हणून ती थंडीची पाहुणी. सदाफुलीला असली कुठलीच अट नाही. ऊब आणि ऊन मिळालं की ती फुलत राहते. आपल्याला दोन्ही गुण असलेली झाडं हवीत.

रोज किमान सहा तास ऊन मिळणाऱ्या वाफ्यासाठी माझी टीम अशी:

1. मागची रांग: जास्वंद आणि तगर. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं, पण नव्या फांदीवर कळ्या येतच राहतात. म्हणून छाटणी हवी. पिठ्या ढेकणावर मात्र नजर ठेवा.

2. मधली रांग: पेंटास आणि निळा प्लंबॅगो. पेंटासवर फुलपाखरं येतात. प्लंबॅगोवर तर झेब्रा ब्लू नावाचं चिमुकलं फुलपाखरू अंडीही घालतं.

3. पुढची रांग: सदाफुली. मूळची मादागास्करची. हिच्यापासूनच विन्क्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ही कॅन्सरवरची औषधं मिळाली. नर्सरीत हिलाच 'विंका' म्हटलं की भाव वाढतो, ते सोडा. हिचा शत्रू एकच, साचलेलं पाणी. काळी माती असेल तर वाफा वीतभर उंच करा.

4. दुपारनंतर सावली येणारा कोपरा: अबोली.

आणि घाणेरी? तीही बारा महिने फुलते, पण लावू नका. शोभेचं झाड म्हणून आणलेल्या ह्या बाईने देशभरातल्या जंगलांत काय धुमाकूळ घातलाय ते वनखात्याला विचारा. नुसतं भरपूर फुलणं हा काही गुण नव्हे.

आता ठरलेले आक्षेप. "तीच तीच फुलं बघून कंटाळा येतो." वर्षातले सहा महिने तीच तीच माती बघून येत नाही का? "ही काय, गावाकडची फुलं!" ह्यावर मी काय बोलू? गावाकडे ती टिकली, कारण तिथे दर हिवाळ्याला कोणी कोटेशन मागवत नव्हतं.

"पण ह्यांनाही मेंटेनन्स लागतोच की!" हा मुद्दा मात्र खरा, आणि माझं खरं भांडण इथेच आहे. बारमाही वाफ्याला पैसा कमी लागतो, पण जाणता हात लागतो. पेंटासचे सुकलेले गुच्छ वेळेवर काढले नाहीत तर झाड बी धरण्यात ताकद घालवतं. नत्राचं खत जास्त झालं तर नुसता पाला माजतो. पावसाच्या तोंडावर कुठली फांदी किती कापायची, हे हाताला कळावं लागतं. हे ज्याला कळतं तो माळी आपल्या सोसायटीत आजही आहे. पण आपण त्याला पाइप धरायला आणि पिशव्या फाडून रोपं खोचायला ठेवलंय. बजेट रोपांवर जातं, पगारवाढीची वेळ आली की पैसे नसतात. दरवर्षी कोरी पाटी असेल तर त्याच्या अनुभवाची किंमत शून्यच राहणार. झाड पाच वर्षं जगलं तरच ते ओळखणाऱ्या माणसाला मोल येतं.

म्हणून पुढच्या जनरल बॉडी मीटिंगमध्ये पार्किंगचं भांडण संपलं की (संपलं तर!) एवढंच मांडा. एक वाफा, वीस फूट, दोन वर्षं. सीझनल रोपांचे वाचलेले पैसे माळीकाकांच्या पगारात. आणि कुठे काय लावायचं ते ठरवताना कंत्राटदाराच्या आधी त्यांना विचारा.

बाकी ज्यांना पिटुनिया हवाच आहे त्यांनी बाल्कनीतल्या कुंडीत जरूर लावावा. सगळ्यांच्या पैशाने नको, इतकंच.