अंदाजाचा कारभार बंद करा!

घरपट्टी आकारताना महापालिका नागरिकाच्या घराचा एक चौरस फूटही सोडत नाही. त्याच घराच्या नळाला रोज किती लिटर पाणी गेले, असे तिला विचारा. उत्तर नाही! घेताना फुटपट्टी आणि देताना अंदाज, हा अन्याय या राज्यातील शहरांनी आणखी किती वर्षे सोसायचा?

मापदंड नाहीत, ही सबब कोणी सांगू नये. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने 2008 मध्येच पाणी, सांडपाणी, घनकचरा आणि पावसाळी निचरा या चार सेवांसाठी 28 निर्देशक एका पुस्तिकेत ठरवून दिले. माणशी रोज 135 लिटर पाणी, तेही चोवीस तास; प्रत्येक जोडणीला मीटर; बेहिशेबी पाणी 20 टक्क्यांच्या आत. तेराव्या वित्त आयोगाने तर अनुदानाचा एक भाग अशी सेवामानके राजपत्रात प्रसिद्ध करण्याशी बांधला. आकडे छापले गेले, पण ते आले कुठून? जिथे घरोघरी मीटर नाहीत, तिथे शुद्धीकरण केंद्रातून सोडलेल्या पाण्याला लोकसंख्येने भागायचे आणि आलेली सरासरी नागरिकाला मिळालेले पाणी म्हणून मांडायची! त्या भागाकारात गळती आहे, चोरी आहे, टँकर आहे. टेकडीवरच्या वस्तीचा कोरडा नळ मात्र त्यात कुठेच दिसत नाही. म्हणूनच प्रत्येक आकड्यापुढे त्याच्या विश्वासार्हतेची 'अ' ते 'ड' श्रेणी लिहा, असे त्या पुस्तिकेनेच बजावले होते. ही श्रेणी किती नगरसेवकांनी कधी मागितली?

कऱ्हाडजवळच्या मलकापूरने घरोघरी मीटर बसवले, वापरानुसार चढते दर लावले आणि चोवीस तास पाणी दिले. तेव्हा ती एक लहानशी नगरपंचायत होती! उलट, उजनीसारखे धरण असूनही सोलापूरकरांनी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे पिंपे भरून ठेवली. ही तुलना सोलापूरच्या सभागृहात व्हायला हवी. एकाच राज्यात हे अंतर का पडले, याचा जाब कोणीतरी दिलाच पाहिजे.

तुलना आपल्याकडे होते, पण पदकासाठी. स्वच्छ सर्वेक्षणाचे पथक येणार म्हटले की भिंती रंगतात, रस्ते धुतले जातात. 2018 च्या राहणीमान निर्देशांकात 111 शहरांत पुणे पहिले आले. 2021 मध्ये नांदेड, किरकटवाडी ही गावे त्याच महापालिकेत आली, आणि जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या त्या पट्ट्यात गुइलेन-बॅरे या आजाराचे रुग्ण भराभर वाढले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि बोट पिण्याच्या पाण्याकडे वळले. क्रमांक शहराला मिळतो. पाणी मात्र प्रत्येक वस्तीला वेगळे मिळते. जी मोजणी प्रभागापर्यंत पोहोचत नाही, ती नागरिकाच्या काय कामाची?

आणि जाब विचारणारेच सभागृहात नव्हते! 2022 पासून मुंबई-पुण्यासह बहुतेक महापालिका कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती राहिल्या. आयुक्तानेच काम करायचे, आयुक्तानेच मोजायचे आणि आयुक्तानेच स्वतःला उत्तीर्ण करायचे, हा लोकशाहीचा उघड अपमान होता.

तेव्हा राज्य सरकारने कायदाच बदलावा. पर्यावरण सद्यस्थिती अहवाल दरवर्षी सभागृहापुढे ठेवण्याचे बंधन आयुक्तावर आहेच. तसेच बंधन सेवांच्या प्रभागवार तक्त्यासाठी घाला. तपासणी त्रयस्थ संस्थेकडे द्या. पाण्याचे नमुने टाकीजवळचे नकोत, शेवटच्या नळाचे घ्या. समान लोकसंख्येच्या दहा शहरांचे आकडे शेजारी-शेजारी छापून प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या दारावर मराठीत लावा. आणि हा तक्ता पटलावर येईपर्यंत कोणत्याही सभागृहाने पाणीपट्टीत एका पैशाचीही वाढ मंजूर करू नये.